अर्जासोबतचे छायाचित्र : संगणकाच्या दारापासून दप्तरापर्यंत

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर पोलादाचा कारखाना उभा राहतो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने हा कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि सेक्टरांच्या आखीव वसाहतीत देशभरातून माणसे येऊन राहिली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती.

या कुटुंबांच्या आजच्या पिढीचा संबंध भट्टीपेक्षा अर्जाशी अधिक येतो. अभियांत्रिकीचे प्रवेश, शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा, बँकांची नोकरभरती अशा प्रत्येक ठिकाणी अर्ज भरायचा तो संगणकावर किंवा मोबाइलवर. घरी सोय नसेल तर छत्तीसगडात गल्लोगल्ली दिसणाऱ्या चॉइस सेंटरमध्ये. नाव, पत्ता, गुण हे सारे रकाने भरून होतात आणि गाडी अडते ती छायाचित्रापाशी. ‘फाइल स्वीकारता येत नाही’ एवढेच लाल अक्षरांत उमटते. मुदतीची शेवटची रात्र असेल, तर त्या चार शब्दांवर वर्ष अवलंबून असते.

बँकांच्या भरतीचेच उदाहरण घेऊ. ‘आयबीपीएस’ या नावाने परिचित असलेल्या संस्थेच्या परीक्षांसाठी भिलाई हेही एक केंद्र असते. या संस्थेच्या गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत छायाचित्र २०० गुणिले २३० पिक्सेलचे आणि २० ते ५० केबी वजनाचे मागितलेले असते. स्वाक्षरी १४० गुणिले ६० पिक्सेलची व १० ते २० केबीची. डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबीचा. आणि हस्तलिखित प्रतिज्ञापत्र ५० ते १०० केबीचे. स्वाक्षरी इंग्रजी मोठ्या अक्षरांत केलेली चालत नाही. उमेदवाराला ही सारी अटींची जंत्री लहरी वाटते. तिच्यातील काही अटींना सबळ कारण आहे, तर काही अटी यंत्राने करावयाचे काम अर्जदाराच्या गळ्यात टाकतात. हा भेद समजायचा तर त्या फाइलचा प्रवास पाहावा लागेल.

छायाचित्राचे वजन

साधा मोबाइल संच ४,००० गुणिले ३,००० ठिपक्यांचे छायाचित्र सहज टिपतो. हे झाले एक कोटी वीस लक्ष ठिपके, म्हणजे पिक्सेल. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे, आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट. म्हणजे तीन कोटी साठ लक्ष बाइट, सुमारे ३५ एमबी. प्रत्यक्षात मोबाइलमधील फाइल तीन-चार एमबीचीच भरते. ही किमया ‘जेपीईजी’ या पद्धतीची.

या पद्धतीच्या मुळाशी भारतीय वंशाच्या तीन संशोधकांचे काम आहे. बंगळुरूत जन्मलेले व तेथेच अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांना १९७२ मध्ये एका गणिती रूपांतराची कल्पना सुचली. तिच्यासाठी मागितलेले अनुदान नाकारले गेले. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती तडीस नेली आणि जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९९२ मध्ये जेपीईजीचे मानक मान्य झाले, ते याच रूपांतराच्या पायावर. आज जगात रोज पाठविल्या जाणाऱ्या असंख्य छायाचित्रांत या तिघांचे गणित आहे. पण आपल्याकडे ही गोष्ट शाळकरी मुलांना सांगितली जात नाही.

चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातील ६४ आकडे नव्या ६४ आकड्यांत मांडायचे. पहिला आकडा चौकोनाची सरासरी उजळता सांगतो, त्यापुढचे संथ चढउतार सांगतात आणि शेवटचे अगदी बारीक, झटपट बदल. माणसाच्या डोळ्याला संथ चढउतार नीट कळतात, बारीक बदलांकडे तो दुर्लक्ष करतो. म्हणून शेवटचे आकडे ढोबळ करायचे किंवा सोडूनच द्यायचे. किती सोडायचे, त्यावर फाइलचे वजन ठरते.

गालावरील छटांना ही काटछाट मानवते. अक्षरांना मानवत नाही, कारण अक्षराची कड म्हणजेच झटपट बदल. गुणपत्रिकेचे छायाचित्र फार दाबले की आकड्यांभोवती धुरकट वलये दिसू लागतात आणि ३ व ८ यांतील फरक पुसला जातो. रेषांच्या व अक्षरांच्या चित्रांसाठी ‘पीएनजी’ हा प्रकार अधिक बरा; त्यात काहीच गाळले जात नाही, मात्र छायाचित्रांसाठी तो फार जड पडतो.

आता आयबीपीएसच्या अटीकडे पुन्हा पाहू. २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० ठिपके. न दाबता त्यांचे वजन सुमारे १३५ केबी. जेपीईजी पद्धतीने नेहमीच्या प्रमाणात दाबले तर ते दहा-बारा केबीपर्यंतही खाली येऊ शकते, आणि मग फाइल ‘फार लहान’ म्हणून परत येते! पुसट छायाचित्रे येऊ नयेत, हा किमान मर्यादेमागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण केबी हे स्पष्टतेचे माप नव्हे. एकाच रंगाच्या भिंतीपुढील स्वच्छ चेहरा कमी केबीत मावतो. पार्श्वभूमीला झाडे-झुडपे असलेला अस्पष्ट चेहराही अधिक केबी घेतो. अशा वेळी उमेदवाराने दाबण्याचे प्रमाण कमी करून फाइल पुन्हा जतन करावी, एवढाच उपाय उरतो.

पाकिटात पाकीट

संकेतस्थळांवरील अर्जांत पूर्वी शब्द व आकडेच पाठविता येत. फाइल पाठविण्याची रीत नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतील दोन तंत्रज्ञांनी एका टिपणाद्वारे मांडली. इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेतील ते १८६७ क्रमांकाचे टिपण. थोड्याफार फेरबदलांनी हीच रीत आजही चालू आहे.

ब्राउझर अर्जाचे एक मोठे पाकीट बनवितो. त्यात प्रत्येक रकान्यासाठी वेगळा कप्पा असतो आणि दोन कप्प्यांच्या मध्ये एक विशिष्ट अक्षरमाला, जी मजकुरात अन्यत्र आढळणार नाही अशी निवडलेली असते. छायाचित्राच्या कप्प्यावर दोन चिठ्ठ्या डकविलेल्या असतात. एकीवर फाइलचे नाव, दुसरीवर तिचा प्रकार. मग फाइलचे बाइट जसेच्या तसे. दुसऱ्या टोकाचा संगणक, म्हणजे सर्व्हर, हे पाकीट उघडून छायाचित्र एका तात्पुरत्या जागी ठेवतो आणि मग त्याचे काय करावयाचे ते वेब ॲप्लिकेशनला विचारतो.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की त्या दोन्ही चिठ्ठ्या पाठविणाऱ्याने लिहिलेल्या असतात. सर्व्हरने त्या पाहिलेल्या नाहीत, कोणी साक्षांकितही केलेल्या नाहीत. ‘हे जेपीईजी छायाचित्र आहे’ हे पाठविणाऱ्याचे म्हणणे झाले. ब्राउझरमध्येच आकार व प्रकार तपासणारी व्यवस्था अर्जदाराच्या सोयीची असते, तिने त्याचा वेळ वाचतो. पण ज्याला घातपात करावयाचा आहे तो ब्राउझर वापरीतच नाही. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमद्वारे तो हवे ते पाकीट बनवून पाठवितो. म्हणून खरी तपासणी सर्व्हरवरच व्हावी लागते.

दारावरची तपासणी

पहिली चाळणी आकाराची. कितीही मोठी फाइल घेऊ लागले तर चार-दोन खोडसाळ माणसे सर्व्हरची साठवणूक भरून टाकतील आणि बाकीच्यांचे अर्ज खोळंबतील. संकेतस्थळे बनविण्यासाठी फार प्रचलित असलेल्या ‘पीएचपी’ या भाषेच्या मूळ मांडणीत एका फाइलची कमाल मर्यादा २ एमबी असते. पुष्कळ संकेतस्थळांवरील ‘२ एमबीपेक्षा कमी’ ही सूचना कोणी विचारपूर्वक ठरविलेली नसून मूळ मांडणीतून तशीच राहिलेली असण्याचा संभव अधिक.

दुसरी चाळणी नावाची. टिंबानंतरचे ‘जेपीजी’ किंवा ‘पीएनजी’ हे शेपूट म्हणजे एक्स्टेन्शन. निव्वळ त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘फोटो डॉट जेपीजी डॉट पीएचपी’ असे दुहेरी शेपूट लावलेली फाइल एखाद्या ढिसाळ तपासणीतून निसटते, छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते, आणि कोणी तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सर्व्हर तिला चित्र न समजता प्रोग्रॅम समजून चालवितो. त्या क्षणी तो सर्व्हर परक्याच्या ताब्यात जातो. संकेतस्थळे फोडण्याच्या जुन्या आणि अजूनही यशस्वी होणाऱ्या पद्धतींत हिची गणना होते. उपायही जुनाच आहे. चालणार नाहीत अशा प्रकारांची यादी करू नये, कारण ती कधी पुरी होत नाही. चालतील अशा दोन-तीन प्रकारांची यादी करावी आणि बाकी सारे परतवावे.

तिसरी चाळणी फाइलच्या आतील. प्रत्येक प्रकारच्या चित्राच्या आरंभी ठरावीक बाइट असतात. जेपीईजीची सुरुवात २५५, २१६, २५५ या आकड्यांनी होते. पीएनजीची १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० या आठ आकड्यांनी. पीएनजीचे हे आठ आकडे मोठ्या चातुर्याने निवडलेले आहेत. पहिला १२७ हून मोठा, त्यामुळे वाटेत एखाद्या जुनाट यंत्रणेने प्रत्येक बाइटातील आठवा अंश गाळला तर तत्काळ कळते. १३ व १० ही ओळ संपल्याची खूण. काही यंत्रणा मजकूर समजून ती बदलतात, तसे झाले तरी लगेच ध्यानात येते. चित्र वाटेत बिघडले आहे हे ते चित्र स्वतःच सांगते.

हे आरंभीचे बाइटही मुद्दाम घालता येतात. शिवाय एकच फाइल दोन रूपे धारण करू शकते. चित्र वाचणारा प्रोग्रॅम फाइल सुरुवातीपासून वाचतो, तर ‘झिप’ प्रकारच्या फाइलची अनुक्रमणिका शेवटी असते. त्यामुळे पुढून चित्र आणि मागून झिप अशी जोडफाइल बनविता येते. म्हणून आरंभीच्या आकड्यांवर समाधान न मानता चित्र प्रत्यक्ष उलगडून पाहणे हा खरा निकष ठरतो.

उलगडण्यातही एक सापळा आहे. ३०,००० गुणिले ३०,००० ठिपक्यांचे, संपूर्ण एका रंगाचे कृष्णधवल पीएनजी चित्र सुमारे सव्वाशे केबीत मावू शकते. उलगडताना त्यातील नव्वद कोटी ठिपक्यांना प्रत्येकी चार बाइट दिले की साडेतीन अब्जांहून अधिक बाइटांची स्मृती लागते आणि सर्व्हर कोलमडतो. चित्राची लांबी-रुंदी फाइलच्या पहिल्या काही बाइटांतच लिहिलेली असते. ती आधी वाचून, प्रमाणाबाहेर असल्यास चित्र न उलगडताच परत पाठवावे. अर्जातील पिक्सेलची अट आणि केबीची अट या दोन वेगळ्या अटी का असतात, याचे एक उत्तर येथे मिळते.

मे २०१६ मध्ये जगभरच्या संकेतस्थळचालकांची झोप उडविणारी घटना घडली. ‘इमेजमॅजिक’ हे चित्रांवर संस्कार करणारे विनामूल्य साधन असंख्य सर्व्हरांवर वापरात आहे. त्यात असा दोष सापडला की नाव जेपीजी पण आत वेगळ्याच प्रकारचा मजकूर असलेली फाइल दिली, तर त्या मजकुरातील आज्ञा सर्व्हरवर चालविल्या जात. चित्र काढण्याची विनंती करावी आणि चित्रकाराने तिजोरी उघडून द्यावी, असाच हा प्रकार! दोष दुरुस्त झाला. पण चित्र तपासणारे साधनही अद्ययावत ठेवावे लागते, हे त्यानंतर पुन्हा सांगावे लागले नाही असे म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ या प्रकारची चित्रे वाचणाऱ्या साधनात गंभीर दोष आढळला, तेव्हा प्रमुख ब्राउझरांना तातडीने सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या.

आले तसे ठेवू नये

भिलाईच्या झोतभट्टीत दल्ली-राजहराच्या खाणींतील खनिज आले तसे ओतले जात नाही. ते फोडतात, चाळतात, त्याचा चुरा भाजून त्याचे गोळे करतात आणि मग भट्टीत सोडतात. छायाचित्राचेही तसेच करणे श्रेयस्कर. आलेली फाइल उलगडावी, ठिपके तेवढे घ्यावेत, त्यांतून हव्या त्या मापाचे नवे जेपीईजी चित्र तयार करावे आणि मूळ फाइल टाकून द्यावी. ठिपक्यांखेरीज तिच्यात जे काही दडलेले असेल, ते बहुतांशी या फेरघडणीत गळून पडते.

गळून पडणाऱ्या गोष्टींत एक अगदी निरुपद्रवी दिसणारी नोंद असते. मोबाइल किंवा कॅमेरा प्रत्येक छायाचित्रासोबत संचाचे नाव, तारीख, वेळ, आणि अनुमती असल्यास अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. या नोंदपद्धतीला ‘एक्झिफ’ म्हणतात. १९९५ मध्ये ती जपानमध्ये तयार झाली. डिसेंबर २०१२ मध्ये संगणक-विषाणूविरोधी प्रोग्रॅमचे प्रसिद्ध निर्माते जॉन मॅकफी मध्य अमेरिकेत पोलिसांना चुकवीत फिरत होते. सोबतच्या पत्रकारांनी त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि त्यातील अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. सुरक्षेचे धडे देणारा माणूस एका छायाचित्राने सापडावा, ही गंमत खरी. पण सेक्टरातील एखाद्या घरात, खिडकीपाशी उभे राहून काढलेल्या मुलीच्या छायाचित्रातही तिच्या घराचा पत्ता याच रीतीने जाऊ शकतो. ते छायाचित्र पुढे कोणत्या जाहीर पानावर लागेल, हे तिला ठाऊक नसते.

ही नोंद पुसताना मात्र एक पथ्य पाळावे लागते. मोबाइल आडवा की उभा धरला होता, हेही एक ते आठ यांपैकी एका आकड्याने तिच्यातच लिहिलेले असते. ठिपके आडवेच साठविलेले असतात आणि पाहताना तो आकडा वाचून चित्र उभे केले जाते. नोंद आधी पुसली की चेहरा आडवा होतो. प्रवेशपत्रावर आडवे पडलेले छायाचित्र आले तर उमेदवाराला दोष देण्याचे कारण नाही. आधी चित्र फिरवावे आणि मग नोंद पुसावी, हा क्रम कोणीतरी पाळलेला नसतो.

नाव आणि जागा

हजारो अर्जदारांच्या फाइलचे नाव ‘फोटो डॉट जेपीजी’ असेच असते. ती नावे तशीच ठेवली तर दुसऱ्याचे छायाचित्र पहिल्याच्या जागी बसते. नावात तिरप्या रेघा व टिंबे घालून फाइल भलत्याच फोल्डरमध्ये घुसविण्याचेही प्रयत्न होतात. म्हणून आलेले नाव नोंदीपुरते ठेवून फाइलला यंत्राने दिलेले लांबलचक, अंदाज न बांधता येणारे नाव द्यावे. फाइल संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरबाहेर ठेवावी आणि माहितीकोशात केवळ तिचा संदर्भ नोंदवावा.

अंदाज न बांधता येणारे नाव, यावर भर देण्याचे कारण आहे. ज्या संकेतस्थळावर छायाचित्रांचे पत्ते १००१, १००२, १००३ असे ओळीने असतात, तेथे पत्त्यातील शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्या अर्जदाराची कागदपत्रे दिसू लागतात. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही, कुतूहल पुरते. केवळ अवघड नावही पुरेसे नाही. पाहणारा माणूस कोण आहे, आणि ती फाइल पाहण्याचा त्याला अधिकार आहे का, हे प्रत्येक वेळी विचारले गेले पाहिजे. छायाचित्र, स्वाक्षरी, अंगठ्याचा ठसा आणि ओळखपत्र हे चौघे एकत्र सापडणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने व्यवहार करू पाहणाऱ्याला आयते साहित्य.

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती राखून ठेवू नये, हे त्याचे एक प्रमुख तत्त्व. ते पाळायचे तर छायाचित्रे ठेवतानाच ती कधी पुसावयाची, याची तारीख लिहावी लागेल.

बँकेतील प्रतिमा

बँकेच्या ग्राहकांना प्रतिमांच्या अशा प्रवासाची एक जुनी ओळख आहे, जरी ती त्यांना दिसत नाही. धनादेश भरला की तो कागद आता गावोगाव हिंडत नाही. त्याच्या प्रतिमा जातात. १ फेब्रुवारी २००८ रोजी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात ही पद्धत सुरू झाली, पुढे चेन्नई व मुंबई येथे तिची केंद्रे झाली आणि रिझर्व्ह बँकेने सर्व शाखांना तीत येण्यासाठी ३० सप्टेंबर २०२१ ही मुदत दिली. प्रत्येक धनादेशाच्या तीन प्रतिमा घेतल्या जातात. पुढच्या बाजूची एक करड्या छटांची, १०० ठिपके प्रति इंच; पुढचीच दुसरी निव्वळ काळी-पांढरी, २०० ठिपके प्रति इंच; आणि मागच्या बाजूची तशीच काळी-पांढरी. स्वाक्षरी पडताळण्यास छटा हव्यात, आकडे व अक्षरे वाचण्यास ठळक कडा हव्यात. जेपीईजी आणि अक्षरे यांचे जे वैर वर सांगितले, त्यावर बँकांनी काढलेला हा तोडगा आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून या प्रतिमा ठरावीक वेळी गठ्ठ्याने न जाता सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सतत जाऊ लागल्या.

येथेही प्रतिमेवर डोळे मिटून विश्वास ठेवलेला नाही. जेथे ती टिपली जाते तेथेच तिच्यावर डिजिटल स्वाक्षरीची मोहर उमटते. वाटेत एक ठिपका बदलला तरी मोहर जुळत नाही. संकेतस्थळावर छायाचित्र पाठविणाऱ्या अर्जदाराकडे अशी मोहर नसते, म्हणूनच त्याच्या फाइलला इतक्या चाळण्या पार कराव्या लागतात.

खातेदाराची ओळख व्हिडिओद्वारे पटविण्यास रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये मान्यता दिली. तेथे ग्राहक भारतातच आहे याची खात्री करण्यासाठी त्याच्या ठिकाणाची नोंद मुद्दाम घेतली जाते. एका ठिकाणी जी नोंद पुसून टाकावयाची, तीच दुसऱ्या ठिकाणी आवश्यक. आयबीपीएसही अलीकडच्या अर्जांत कॅमेऱ्यासमोर बसून त्याच क्षणी टिपलेले छायाचित्र मागू लागली आहे. जुने किंवा दुसऱ्याचे छायाचित्र लावण्याला त्यामुळे आळा बसतो.

कोणाचे काम कोणी करावे

आता आरंभीच्या लाल अक्षरांकडे वळू. आकाराची कमाल मर्यादा, मोजक्या प्रकारांची यादी, पिक्सेलची कमाल मर्यादा यांना भक्कम कारणे आहेत. पण छायाचित्र नेमके २०० गुणिले २३० करणे, त्याचे वजन ठरावीक केबीत बसविणे, ही कामे सर्व्हर क्षणार्धात करू शकतो. अर्जदाराकडून पाच-सात एमबीपर्यंतचे छायाचित्र घ्यावे, चेहऱ्याभोवतीची चौकट त्याला पडद्यावरच निवडू द्यावी, आणि फेरघडण तर एरवीही करावयाचीच असते, तेव्हा माप तेथेच बसवावे. महाजालाची जोडणी मंद होती आणि साठवणूक महाग होती, त्या काळात हा बोजा अर्जदारावर टाकणे क्षम्य होते. आज अनेक संकेतस्थळांवर तो निव्वळ सवयीने राहिला आहे.

चुकीची सूचनाही नेमकी असावी. ‘फाइल स्वीकारता येत नाही’ यापेक्षा ‘फाइल ६२ केबीची आहे, कमाल ५० केबी चालेल’ हे वाक्य लिहिण्यास प्रोग्रॅमरला दोन मिनिटे अधिक लागतील. पण ते वाचणाऱ्याची एक रात्र वाचेल. छायाचित्र नाकारले गेले म्हणून भरलेले सगळे रकाने पुसले जाऊ नयेत. आयफोनवर २०१७ पासून छायाचित्रे ‘एचईआयसी’ या वेगळ्या प्रकारात साठविली जातात. टिंबानंतरचे नाव बदलून ती जेपीईजी होत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संकेतस्थळाने ती स्वीकारून स्वतः बदलावीत. न जमल्यास कारण तरी सांगावे. तोपर्यंत आयफोनधारकांनी कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधील ‘फॉरमॅट्स’ या ठिकाणी जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ हा पर्याय निवडावा. त्यानंतरची छायाचित्रे जेपीईजी प्रकारात निघतात.

स्वाक्षरीसाठी पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करून, दिवसाच्या उजेडात, मोबाइलची सावली पडू न देता छायाचित्र घ्यावे आणि कागदाचा मोकळा भाग कापून टाकावा. १४० गुणिले ६० ठिपक्यांत मोकळ्या कागदाला जागा नाही. गुणपत्रिका व्हॉट्सॲपवरून चॉइस सेंटरला पाठवावयाची असेल तर ती चित्र म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती वाटेत दाबली जात नाही. मात्र अशा रीतीने पाठविलेल्या फाइलमधील अक्षांश-रेखांशही कायम राहतात. आधार कार्डाची प्रत मागितली असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ती विनाशुल्क मिळते.

अर्ज भरून झाला, पावती छापली, की निघण्याची घाई असते. चॉइस सेंटरच्या संगणकावरील ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये तेव्हा छायाचित्र, सही, अंगठ्याचा ठसा आणि गुणपत्रिका ओळीने पडून असतात, आणि व्हॉट्सॲपचे पान उघडेच असते. ते पान बंद करून मोबाइलमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या यादीतून तो संगणक काढावा, फोल्डरमधील फाइली पुसाव्यात आणि नंतर ‘रिसायकल बिन’ही रिकामे करावे.